भूतदया आणि फाल्गुनातले रान

भूतदया हा शब्द आपल्या संप्रदायात इतका घरचा झाला आहे की त्याचा अर्थ विचारावा असे कोणाला वाटतच नाही. गळ्यात माळ आली, मांस सुटले, मुंग्यांना चिमूटभर साखर घातली, गाईला घास दिला, की भूतदयेचे खाते पुरे झाले असे आपण धरून चालतो. पण भूत म्हणजे जे जे म्हणून उत्पन्न झाले ते. त्यात चालणारे आहे तसेच न चालणारेही आहे. ओरडणारे आहे तसेच मुके आहे. मग झाडाच्या बाबतीत आपला धर्म काय? पान खुडल्यावाचून, फांदी तोडल्यावाचून, साल काढल्यावाचून प्रपंच होत नाही. तर मग तोडणारा माळकरी भूतदया पाळतो की मोडतो? या प्रश्नाचे उत्तर ‘झाडालाही जीव असतो’ एवढ्या वाक्याने होत नाही. तो नीट सोडवून पाहिला पाहिजे.

हा विचार कोठल्याही गावी करता येईल. पण हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावच्या बाजूला तो करण्यास विशेष कारण आहे. याच प्रदेशात कयाधूच्या काठी नर्सी आहे आणि परंपरेने ते श्रीनामदेवरायांचे जन्मस्थान. दक्षिणेस औंढा नागनाथ आहे. आणि विचारास काळही योग्य आहे तो माघ-फाल्गुनाचा, कारण वर्षात रान ज्या दिवसांत सर्वांत मेल्यासारखे दिसते ते हे दिवस, आणि माणसाचा हात रानावर सर्वांत सैल सुटतो तेही याच दिवसांत.

सेनगावच्या भोवतालचे माळ, टेकड्या आणि ओढ्याकाठची झाडी माघी वारीहून परतताना पाहावी. साग उघडाबोडका झालेला. त्याची मोठमोठी पाने पायाखाली पापडासारखी मोडतात. सालई, धावडा, खैर यांच्या नुसत्या काटक्या उरलेल्या. गवत पिवळे पडून आडवे झालेले. बोरी वेचून संपलेल्या. नवख्या माणसाला वाटावे, येथे आता काही राहिले नाही. शेतकरीही बोलण्यात म्हणतो, “रान वाळून गेलं.” पण रान वाळलेले नसते. पाणी कमी, ऊन वाढते, अशा वेळी पाने ठेवली तर त्यांतून अंगातले पाणी उडून जाईल, म्हणून झाडे आपण होऊन पाने टाकतात. आपल्या भाषेत सांगायचे तर हा झाडाचा उपास आहे. एकादशीला आपण अन्न सोडतो ते मरण्यासाठी नव्हे. झाड पाने सोडते तेही मरण्यासाठी नव्हे. आणि टाकलेले पान तरी वाया कोठे जाते? ते मुळाशी पडून जमीन झाकते, पहिल्या पावसाचे पाणी धरते, कुजून माती होते. झाडाचा त्यागसुद्धा असा सत्कारणी लागतो.

मग फाल्गुन लागतो आणि या उपासकऱ्यांपैकी एकजण सदावर्त घालतो. तो म्हणजे पळस. अंगावर एक पान नाही आणि प्रत्येक काटकी काळपट मखमली कळ्यांनी भरलेली. आठ-पंधरा दिवसांत सगळे झाड केशरी होते. या फुलाला वास नाही, पण बुडाशी गोड रस आहे. ज्या दिवसांत रानात ना फळ ना दाणा, ओढेही आटू लागलेले, त्या दिवसांत हा रस किती जिवांना धरून ठेवतो ते पाहण्यासारखे आहे. साळुंक्या, बुलबुल, पोपट, कोतवाल, इवलासा शिंजीर, खारी, मधमाश्या — सकाळी पळसावर पंगतच बसलेली असते. आणि जेवणारे रिकाम्या हाताने जात नाहीत. त्यांच्या चोचीला, कपाळाला लागलेला पराग दुसऱ्या झाडावर जातो, तेव्हाच पळसाला शेंग धरते. देणारा घेणाऱ्यावाचून अपुरा आहे, हे पळस काही न बोलता दाखवतो. काटेसावरीची लाल फुले, पांगाऱ्याची फुले हेही याच सदावर्ताचे भागीदार. पुढे चैत्रात मोह असेल तेथे पहाटे त्याची रसाळ फुले जमिनीवर पडतात, ती माणूसही वेचतो आणि जनावरही. त्यापूर्वी रात्री वटवाघळे येऊन मोहाची फळधारणा करून गेलेली असतात. पिंपळाला तांबूस पालवी, कुसुंबाला लालबुंद पालवी फुटते. टिटवी उघड्या माळावर खड्यांच्या आसऱ्याने चार अंडी घालते, आणि ती अशी खड्यांसारखीच दिसतात की पाय पडेपर्यंत कळू नये. रातवा पाचोळ्यातच अंडी घालतो. सारांश, ज्याला आपण वाळलेले रान म्हणतो ते या दिवसांत भरल्या पोटाचे असते.

आता नामदेवरायांची गोष्ट घेऊ. लोकांत चालत आलेली ही गोष्ट आहे. तिच्याकडे इतिहासाचा दाखला मागू नये, तिच्यातला अर्थ मागावा. लहानग्या नामदेवाला आई गोणाईने औषधासाठी पळसाची साल आणायला पाठवले. मुलाने कुऱ्हाडीने साल काढली, घरी आणून दिली. पुढे आईने पाहिले तर त्याचे धोतर रक्ताने भरलेले. “हे रे काय केलेस?” तेव्हा मुलगा म्हणाला, “झाडाला कसे लागले असेल ते पाहावे म्हणून माझ्या पायाची साल काढून पाहिली.”

ही गोष्ट सांगून आपण हळहळतो, नामदेवांचे अंतःकरण किती कोवळे म्हणतो आणि पुढच्या अभंगाकडे वळतो. पण ती एवढ्यासाठी नाही. या गोष्टीत दोन बाबी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. एक, नामदेवाने साल आणली. ‘मी झाडाला दुखवणार नाही’ म्हणून तो रिकाम्या हाताने परत आला नाही. घरात औषधाची गरज होती. दोन, साल आणल्यावर तो मोकळा झाला नाही. घेतलेल्याची किंमत किती, हे त्याने दुसऱ्याला विचारले नाही. स्वतःच्या अंगावर मोजून पाहिले. गरज नाकारली नाही आणि किंमतही झाकली नाही. भूतदयेचे सगळे मर्म या दोन गोष्टी एकत्र धरण्यात आहे.

येथे शिकलेला तरुण विचारील, “पण महाराज, झाडाला खरेच दुखते का?” प्रश्न रास्त आहे. जगदीशचंद्र बोस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी वनस्पतींच्या हालचाली मोजण्याची नाजूक यंत्रे तयार केली. त्यांचे एक यंत्र झाडाची वाढ दहा हजार पटींनी मोठी करून दाखवी. उष्णता, विष, इजा यांना वनस्पती प्रतिसाद देतात हे त्यांनी प्रयोगांनी दाखवले. अलीकडे २०१८ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी मोहरीच्या कुळातल्या एका लहान रोपावर प्रयोग केला. एक पान कुरतडले की त्याची वर्दी काही मिनिटांत दूरच्या पानांपर्यंत पोहोचते आणि ती पाने स्वतःच्या संरक्षणाला लागतात, असे त्यांना दिसले. म्हणजे झाड घावाला बेखबर नाही, एवढे निश्चित. मात्र झाडाला आपल्यासारखे मेंदू, मज्जातंतू नाहीत. त्याला ‘वेदना’ होते असे शास्त्र म्हणत नाही. आपणही शास्त्राच्या तोंडी नसलेला शब्द घालू नये.

पण नीट पाहिले तर भूतदया या उत्तरावर अडून बसलेलीच नाही. झाडाला आपल्यासारखे दुखत असो वा नसो, त्याला जगायचे आहे, वाढायचे आहे, फळायचे आहे, हे तर उघड्या डोळ्यांना दिसते. आणि त्या झाडावर ज्यांचे पोट आहे त्या शिंजिराला, खारीला तर दुखते ना? शिवाय दया ही केवळ समोरच्याच्या दुःखाची मोजणी नव्हे. ती आपल्या हाताची परीक्षा आहे. समोरचा ओरडत नाही म्हणून ज्याचा हात सैल सुटतो, त्याचा हात फक्त ओरडण्याला भीत होता, असेच म्हणावे लागेल.

ज्ञानोबामाउलींनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, पुरी केलेल्या ज्ञानेश्वरीत तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवेचन आहे. ते वाचताना आपण बहुधा कोमल दृष्टान्तांपाशी रमतो. परंतु त्याच प्रकरणात माउलींनी एक कठोर विचारही मांडला आहे. रोग्याची पीडा हरावी म्हणून औषध करायचे, आणि त्यासाठी कोणाचे कंद खणायचे, कोणाला मुळासकट उपटायचे, न हलणाऱ्याची कातडी काढायची, ज्या वृक्षाचे कोणाशी वैर नाही त्याच्या अंगाला जागोजाग चिरा पाडायच्या. आणि या सगळ्याला दया म्हणायचे! एका जिवाची हिंसा निवारायला दुसऱ्याची हिंसा, हे बोलणे माउलींना सरळ पचत नाही. नामदेवांच्या गोष्टीतली ‘औषधाला साल’ नेमकी येथे येऊन भेटते. माउली आणि नामदेव समकालीन, तीर्थयात्रेचे सोबती. एकाने विचाराने जे सांगितले तेच दुसऱ्याच्या नावावर लोकांनी गोष्टीने सांगितले, असे वाटल्यावाचून राहत नाही. याचा अर्थ औषध घेऊ नये असा नाही. याचा अर्थ असा की, घेतले ते हिंसेने घेतले हे विसरू नये. त्याला पुण्याचे नाव देऊ नये. आणि म्हणूनच जितके लागते त्याहून गुंजभर अधिक घेऊ नये.

आता दुसरी बाजू ऐकू, कारण ती ऐकल्याशिवाय हा विचार नुसता देवळातला राहील. सेनगावकडचा शेतकरी म्हणेल, “तुमचं सगळं खरं. पण आमच्या हरभऱ्यात रोही शिरले, डुकरांनी एका रात्रीत हळदीचे वाफे उकरले, तर आम्ही काय करायचं? रात्रभर माळ्यावर बसून थंडीनं मरायचं? हळद शिजवायची म्हणजे भट्टी आली, भट्टीला सरपण आलं. ते आभाळातून पडतं का? झाडाची, जनावराची दया करता करता लेकराच्या तोंडचा घास जातो, त्याची दया कोण करतो?”

या प्रश्नाला कोणी महाराजाने वरवर उत्तर देऊ नये. ज्याचे स्वतःचे शेत नाही, त्याने दुसऱ्याच्या शेतावर भूतदया करण्यास सांगणे फार सोपे आहे. नामदेवरायांची दुसरी गोष्ट येथे आठवावी. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ‘देवा, कोरडी खाऊ नका’ म्हणून. गोष्ट सर्वांना पाठ आहे. पण भाकरी कोणाची होती आणि तूप कोणाचे होते, इकडे आपले लक्ष जात नाही. दोन्ही नामदेवांची होती. शेजाऱ्याची भाकरी कुत्र्याने नेली असती आणि नामदेव शेजाऱ्याला ‘तूपही दे’ म्हणून सांगत बसले असते, तर त्याला संत कोण म्हणते? दया आपल्या वाट्यातून करायची असते. रानातली हरणे, रोही सगळ्या समाजाला हवी असतील तर त्यांच्या चाऱ्याचा भार एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या डोक्यावर टाकणे हा धर्म नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्राण्यांना अभय दिले, ते योग्यच झाले. वन्यप्राण्यांनी केलेल्या पिकाच्या नुकसानीची भरपाई शासन देते. पण पंचनामा वेळेवर होणे आणि पैसा हाती पडणे, हेही भूतदयेचेच अंग आहे. गावातल्या लिहित्यावाचत्या माळकऱ्याने शेजाऱ्याचा तेवढा अर्ज लिहून दिला, तर मुंग्यांना साखर घालण्याइतकेच पुण्य त्यात आहे.

शेत राखण्याचा हक्क शेतकऱ्याचा आहे, यात वाद नाही. जागल करावी, हाकारे द्यावे, काटेरी कुंपण घालावे, मिळून राखण लावावी. पण कुंपणात विजेची जिवंत तार सोडणे, भक्ष्यात विष कालवणे, याला राखण म्हणत नाहीत. राखणारा हाकलतो, तार न बघता मारते. तिला रोही, कोल्हा, शेजाऱ्याची गाय आणि शेजाऱ्याचा मुलगा सारखेच. ज्या हत्यारात आपला हात थांबवण्याची सोय नाही, ते हत्यार माळकऱ्याने हाती धरू नये. नामदेवाची कुऱ्हाड त्याच्या पायावर थांबली, कारण ती त्याच्या हातात होती.

आणि थांबवण्याची सोय नसलेले सर्वांत मोठे हत्यार म्हणजे आगकाडी. फाल्गुन-चैत्रात माळाला, टेकडीला आग लागते ती बहुधा आपोआप नव्हे. कोणी धुरा पेटवतो आणि ती आग पुढे सरकते. कोणी चांगले गवत येईल म्हणून लावतो, कोणी मोहफूल वेचायला जमीन साफ व्हावी म्हणून, कोणी टेंभुर्णीला कोवळी पाने फुटावीत म्हणून. आणि कोणी नुसता विडी टाकून जातो. गवताबद्दलची समजूत अर्धीच खरी आहे. जाळल्यावर मुळांतून हिरवे कोंब फुटतात हे दिसते. पण वरचेवर जाळलेल्या माळावर कुसळी फोफावते, कारण तिला आग मानवते, आणि झाडांची कोवळी रोपे मात्र दरसाल मरतात. मोठे झाड कदाचित तगते. त्याचा वंश खुंटतो. टिटवीची अंडी, रातव्याची पिले, पाचोळ्यातले असंख्य किडे जागच्या जागी भाजून निघतात. ज्या पाचोळ्याने पावसाचे पाणी धरायचे त्याची राख पहिल्या सरीबरोबर वाहून जाते आणि पुढच्या वर्षी आपणच म्हणतो की विहीर लवकर आटली.

साल काढणे आणि वणवा लावणे यांत भेद आहे तो हा. साल काढणाऱ्याला काय घेतले ते ठाऊक असते; वणवा लावणाऱ्याला आपण काय जाळले याची मोजदादच नसते. गरजेची हिंसा मोजता येते, म्हणून तिला आवरही घालता येतो. बेफिकिरीची हिंसा मोजता येत नाही. भूतदयेचे खरे वैरी पोट नव्हे, बेफिकिरी आहे.

औंढ्याची कथा याच ठिकाणी उपयोगी पडते. नामदेव गुरूच्या शोधात औंढ्या नागनाथास गेले, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांना राग आला. विसोबा म्हणाले, देव नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय उचलून जेथे ठेवावे तेथे पिंड! ही कथा आपण कीर्तनात देवाच्या सर्वव्यापकतेसाठी सांगतो. पण तिचा प्रश्न उलटा करून आपल्यालाच विचारला पाहिजे: जेथे देव नाही अशी कोणती टेकडी सापडली, म्हणून तेथे आगकाडी टाकलीस? कोणता माळ रिकामा दिसला? नर्सीच्या देवळात पायऱ्यांना कपाळ लावायचे आणि परतीच्या वाटेवर देवाच्या अंगावर निखारा टाकायचा, हे एका माळेत बसत नाही.

मग करावे काय? माळकऱ्याला पाळता येतील असे चार नेम सुचतात. पहिला: कोणाच्याही हाताने माळ पेटू देऊ नये. धुरा जाळणे भागच असेल तर आधी भोवतालचे गवत काढून पट्टा मोकळा करावा, वारा पडल्यावर, चार माणसे आणि पाणी जवळ ठेवून जाळावे, आणि निखारा विझेपर्यंत जागा सोडू नये. दुसरा: औषधाला साल लागली तर बुंध्याभोवती गोल काढू नये. पानांनी तयार केलेले अन्न आतल्या सालीतूनच मुळांकडे उतरते. सालीचे कडे पुरे तोडले की मुळे उपाशी पडून झाड उभे मरते. एका अंगाने, फांदीवरची, हाताच्या बोटाएवढी पट्टी घ्यावी. घाव भरून येतो. तिसरा: सरपणाला आधी तुराट्या, पऱ्हाट्या आणि वाळून पडलेले लाकूड, उभ्या ओल्या झाडाला हात शेवटी. हळदीला आता वाफेवर शिजवण्याची साधने आली आहेत, त्यांत सरपण कमी लागते. चार घरांनी मिळून ती वापरावी. चौथा: रंगपंचमीला पळसाचा रंग करायचा तर खाली पडलेली फुले पुरतात. फांद्या ओरबाडून पक्ष्यांची पंगत उठवू नये.

हे नेम लहान आहेत, असे कोणी म्हणेल. एकादशीचा नेम तरी मोठा कोठे आहे? महिन्यातून दोन दिवस. पण तो पाळणाऱ्याचे बाकीचे दिवसही हळूहळू बदलतात. रानाच्या बाबतीतही तसेच आहे. जो आगकाडी टाकण्याआधी थांबतो, तो दुसऱ्याला शब्द टाकण्याआधीही थांबायला शिकतो. तुकोबारायांनी झाडावेलींना सोयरे मानले ते काही कवीच्या लहरीने नव्हे. सोयऱ्याच्या घरी आपण जेवतो, लागेल ते मागून घेतो. पण सोयऱ्याचे घर जाळत नाही.

आणि सोयरा कसा उपयोगी पडतो तेही पाहावे. आषाढी वारीला जाणारी शेगावच्या श्रीगजाननमहाराजांची पालखी सेनगाव आणि नर्सी या वाटेने पुढे औंढ्याकडे जाते. तोपर्यंत फाल्गुनात उघडा पडलेला पळस पानांनी भरलेला असतो. पळसाला पाने तीनच, अशी म्हण आहे. पण त्या तीन-तीन पानांच्याच पत्रावळी होतात. थर्माकोल आणि प्लॅस्टिकच्या ताटांवर महाराष्ट्र शासनाने २०१८ साली बंदी घातली. आपल्या आजोबांनी त्याआधी कितीतरी पिढ्या पळसाच्या पानावर देवाचा प्रसाद घेतला आणि पान गाईपुढे किंवा उकिरड्यावर टाकले, की त्याचे खत झाले. फाल्गुनात ज्याला वाळके म्हणून कोणी जाळले नाही, तेच झाड ज्येष्ठात वारकऱ्याला सावली देते आणि त्याच्या पुढ्यात पान मांडते.

म्हणून सज्जनहो, कुऱ्हाड हाती घ्यावी लागेल तेव्हा घ्यावी. प्रपंच कोणाला चुकला आहे? पण ती झाडावर पडण्याआधी एकदा आपल्या पायाकडे पाहावे. जेवढा घाव आपल्या पायावर सोसवेल असे वाटेल, तेवढाच झाडावर घालावा. बाकीचे रान ज्याचे आहे त्याच्यासाठी ठेवावे, आणि तो तर विटेवर उभा राहून सर्वांचीच वाट पाहत आहे.

रामकृष्णहरि.